सहा-सहाचं दूध आणि फुकटची लायब्ररी

सन दोन हजार नऊ. माझं वय सहासष्ट. त्या साली माझं नाव डेअरीच्या फळ्यावर लागलं.

आमच्या गावात दूध संस्थेला सगळे डेअरीच म्हणतात. गाव कोल्हापूरच्या जवळ, सिटी बस येते एवढं जवळ. डेअरीच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक काळा फळा आहे. पेंड आली, जनावरांचा डॉक्टर कधी येणार, असलं त्यावर लिहिलेलं असतं. पण महिना पालटला की उजव्या अंगाला नावं लागतात. मागच्या महिन्यापेक्षा ज्याच्या दुधाचं फॅट एका पॉइंटनं, म्हणजे दहाव्या हिश्शानं जरी उतरलं, त्याचं नाव. वर मथळा, 'दूध सुधारावे'. मथळा सभ्य आहे. गाव त्याचा एकच अर्थ काढतं, हा गडी दुधात पाणी घालतो.

मी दुसरी शिकलो. तिसरीत गेलो आणि लगेच बाहेर आलो, कारण मास्तर मारायचे आणि म्हस मारत नव्हती. तेव्हापासून दुधातच आहे. वाचता येतं, सावकाश लिहिता येतं, आणि आकड्यात मला कुणी फसवलेलं नाही. डेअरी नव्हती तेव्हा कोल्हापुरात दारोदार रतीब घातला, डेअरी झाल्यावर तिथं घातलं. एवढ्या वर्षांत माझ्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ह्याचा मला गर्व आहे. तो असायलाच पाहिजे, दुसरं आहे काय माझ्याकडं?

फॅट बघायची पद्धत मी तीन तऱ्हांची बघितली. नव्वद सालानंतर बरीच वर्षं काचेच्या नळ्या होत्या. दूध, त्यात ॲसिड, मग ते गरगर फिरवायचं, की लोणी वर येऊन नळीच्या रेषांवर उभं राहायचं. टेस्टर डोळा बारीक करून रेषा वाचायचा. लोणी दोन रेषांच्या मधे थांबलं तर खालची रेषा धरायची, हा रिवाज. वरचं डेअरीचं, खालचं तुमचं. सगळ्यांना तोच न्याय, म्हणून कुणी तक्रार केली नाही. पुढं विजेचं मशीन आलं. नळी गेली, लाल आकडे आले. आणि ह्या दोन हजार नऊ साली मशीनच्या शेजारी एक डबा येऊन बसला. मशीनमधला आकडा त्या डब्यात जाणार, डबा पावती छापणार आणि तोच आकडा तालुक्याच्या दूध संघाच्या मोठ्या कम्प्युटरला धाडणार. सेक्रेटरी पेढे वाटत होता. मीही खाल्ला.

महिना पालटला. सकाळी किटली घेऊन गेलो तर रांग एकदम गप्प झाली. आमच्याकडं माणसं गप्प झाली की समजायचं, आपलंच चाललं होतं. मग एकाला राहवलं नाही.

"काय आबा, औंदा हिरीला पाणी लई दिसतंय!"

रांग हसली. मी फळ्याकडं बघितलं. तीन नावं. पहिलं आमच्या बोळातल्या वहिनींचं. वहिनींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एका म्हशीवर त्यांनी घर चालवलेलं. दुसरं वरच्या आळीतल्या एकाचं, त्यानं नुकतीच म्हस घेतली होती. तिसरं माझं.

सेक्रेटरी खिडकीत बसला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण खुर्चीत बसला की मोठा होतो.

"ह्ये कुणी लिवलं?" मी विचारलं.

"मी. अक्षर वळखंना व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कम्प्युटरनं. आबा, त्यो काय कुणाचा पावणा न्हाय. माज्या सासऱ्याची म्हस असती तरी नाव आलं असतं."

"तुज्या सासऱ्याची म्हस भाकड हाय. तिचं नाव कशाला येतंय?"

आता रांग त्याला हसली. पण तेवढ्यानं नाव पुसलं जात नव्हतं. मी खिडकीतून आत वाकलो. माझं सँपल लागलं. लाल आकडे नाचले, सहा टिंब सहावर थांबले. सहा-सहा. डोळे तेव्हा माझे चांगले होते. डब्यातून पावती सरकली. सहा-पाच.

"मशीन सहा-सहा म्हणतंय की रं."

"म्हणत असंल."

"आन पावती सहा-पाच?"

"मग पावती खरी. लाल आकडं काय, आत्ता हायती, आत्ता न्हायती. पावती कागुद हाय."

मी त्याला सांगितलं, आधी नाव पूस, मग माझं दूध मिळेल. तो म्हणाला, फळा संघाच्या हुकमाचा आहे, माझ्या हातात नाही. मी म्हणालो, लिहिताना हात तुझा होता, पुसताना संघाचा कसा झाला? त्यावर त्यानं पुढच्याला हाक मारली.

त्या सांजेपासून मी डेअरीत दूध घालायचं बंद केलं. हे बोलायला सोपं आहे. म्हस काही माझ्या भांडणात नव्हती, ती आपली दोन्ही वेळा दूध द्यायची. घरी आम्ही दोघंच. आमची मंडळी दही लावून, लोणी काढून, तूप कढवून बेजार झाली. ताक गल्लीभर वाटलं तरी संपेना.

"अवो, ह्ये किती दिस चालणार?" ती म्हणाली. "माझं मनगट गेलं घुसळून."

"नाव पुसल्याबिगर न्हाय."

"नाव तुमचं आन मनगट माजं व्हय?"

  दुसऱ्या दिवशी बस धरून कोल्हापूरला गेलो.

मशीन विकणाऱ्याचं दुकान मला माहीत होतं. त्यानं माझ्यासमोर संस्थेला फोन लावला, काय-काय विचारलं आणि म्हणाला, मशीनमधून आकडा बरोबर बाहेर पडतो, पुढं डब्यात त्याचं काय होतं ते डबा करणाऱ्यांना विचारा. पत्ता दिला राजारामपुरीतला. उन्हातनं चालत गेलो. एका कापड दुकानाच्या वर, अरुंद जिना, वर खोलीत चार टेबलं आणि वायरींचं जंगल. मी मनात ठरवून गेलतो, कोण टाय लावलेला साहेब असेल त्याचा टाय धरायचा. तिथं एकटी मुलगी बसली होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण मला मुलगीच. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी आमच्या डेअरीतल्यासारखाच एक डबा, पोट उघडलेला.

"डब्यातलं कुणी लिवलंय?"

"मीच. बसा काका. पाणी देऊ?"

"पाणी नको. पाण्यापायीच आलोय."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे बोलली नाही. एवढं सांगायला पाहिजे, कारण तोवर माझं कुणी ऐकलं नव्हतं. तिचे वडील वारणानगरला कारखान्यात होते, तिथल्या कॉलनीत ती वाढली. म्हशी बघितल्यात पण धार काढता येत नाही, असं तिनं स्वतःच सांगितलं. मग ती उघड्या डब्याकडं वळली, त्याला कम्प्युटर जोडला आणि माझ्यासमोर आकडा घातला. सहा पॉइंट सहा.

पडद्यावर एक ओळ आली. सुरुवातीला महिरपी कंस, शेवटी महिरपी कंस. मधे इंग्रजीत काही शब्द, प्रत्येक शब्दापुढं एकावर एक दोन टिंबं आणि त्यापुढं त्याचा आकडा. तिनं बोट ठेवलं, "हे फॅट." मी आकडा वाचला. सहा, टिंब, पाच, मग नऊ, नऊ, नऊ, नऊ, नवांची नुसती रांगच, आणि शेवटी एक सहा.

ती खुर्चीत मागं टेकली. "अरे देवा," म्हणाली.

"ह्ये काय हाय?"

"काका, ह्या लिहिण्याला जेसन म्हणतात. संघाचा कम्प्युटर असं लिहिलेलंच वाचतो. आपला डबा लहान, त्याचं काम सी नावाच्या भाषेत लिहावं लागतं. त्या भाषेत हे कंस आणि टिंबं हातानं जुळवत बसले असते तर फार दिवस गेले असते. म्हणून मी तयार लायब्ररी घेतली."

"लायब्ररी? पेपर वाचायची?"

"नाही. दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं काम. आपण आकडा द्यायचा, ती असा मांडून देते."

"मग सहा-सहा दिलं तर ती सहा-पाच आन म्होरं नवांची वरात कशाला मांडती?"

तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. मग समजावायला लागली. कम्प्युटरकडं म्हणे मापं ठराविक असतात. एक, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं, परत त्याचं अर्धं. साडेसहा मांडायचे तर सहा आणि एक अर्धं, बरोबर बसतं. पण सहा-सहा ह्या मापांनी कधी पुरतं भरत नाही. किती बारीक माप घ्या, एक केसभर कमी राहतं नाहीतर केसभर जास्त होतं.

मला ते लगेच कळलं. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. अर्ध्याचं अर्धं. माझं निम्मं आयुष्य त्या मापांत गेलं. तिला मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "मला ती मापं माहीत नाहीत काका, पण हो, तसंच."

कळलं म्हणून राग गेला असं नाही. उलट वाढला. रतीब घालताना माप केसभर कमी वाटलं की आम्ही वर एक धार सोडायचो. घेणाऱ्याला ते न मागता मिळायचं. कमी पडलंय म्हणून आणखी खाली कापायचं, हे कुणी शिकवलं?

"ते मी केलं," ती म्हणाली. "तुमच्या संस्थेनं नियम लिहून दिला होता. पॉइंटच्या पुढं एकच आकडा ठेवायचा, त्याच्या खालचं सोडून द्यायचं. ही ओळ डब्याबाहेर जाण्याआधी मी पाचाच्या पुढचे सगळे नऊ सोडून दिले. राहिलं सहा-पाच."

काचेच्या नळीचा रिवाज. नळी गेली, रिवाज डब्यात शिरला.

"मग सगळ्यांचंच फॅट कसं उतरलं न्हाय?"

तिनं एक-एक आकडा घालून दाखवला. सहा-चार केसभर जास्त भरतो, त्याला काही होत नाही. सहा-सातलाही नाही. सहा-सहा, सहा-आठ, सहा-तीन केसभर कमी भरतात, ते कापले जातात. तिनं काम तपासताना सहा, साडेसहा, सात असे सोपे आकडे घातले होते. ते सगळे बरोबर आले.

"म्हणजे चूक तुमची."

"माझी आहे. पण नियम तुमचा."

"मग लायब्ररीची?"

"ती तिच्याजवळ जे आहे ते लिहिते."

"तिचा मालक कोण? त्याचा पत्ता द्या."

तिनं जे सांगितलं ते मला आजही पटलेलं नाही. मालक नाही म्हणे. परदेशात एक माणूस आहे, दिवसा नोकरी करतो आणि सांजच्याला हे लिहितो. लिहिलेलं सगळं उघडं ठेवलंय. कुणीही घ्यावं, वापरावं, आत बघावं, बदलावं. पैसे नाहीत. आणि सोबत एक मजकूर आहे, की ह्याची कसलीही हमी नाही.

"फुकट देतो आन वर हमी न्हाय म्हणून लिवून ठेवतो?"

"हो."

"मग भांडायचं कुणासंगं?"

 मी म्हणालो, त्याला पत्र लिहा, मी सांगतो तसं. तिनं दोनदा टाळून बघितलं. मी उठलो नाही. शेवटी तिनं कम्प्युटर पुढं ओढला.

"लिवा. पावणं, राम राम."

"काका, तिथं राम राम कळणार नाही."

"न कळू दे. आपण घालायचा. पुढं लिवा. माजी म्हस सहा-सहाचं दूध देती. तुमची लायब्ररी ते सहा-पाच करती. त्यापायी गावात माजं नाव पाणी घालणाऱ्यात लागलं. तुमी चूक केली असं लिवून द्या. मी ते सेक्रेटरीच्या तोंडावर मारणार हाय."

ती इंग्रजीत काय लिहीत होती देव जाणे, पण बरंच लिहिलं. डबा दोन-तीन दिवसांत नीट करते, गावात येऊन घालून देते, उत्तर आलं तर तेही आणते, असं म्हणाली. जिना उतरताना मला वाटलं, झालं काम.

गावात आलो ते सरळ वहिनींच्या दारात. त्या अंगणात म्हशीपुढं उसाचं वाडं टाकत होत्या. फळ्यावर नाव लागल्यापासून त्या स्वतः डेअरीत येत नव्हत्या, शेजारणीकडं किटली द्यायच्या. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. मापं, केसभर, कापलेले नऊ.

"वहिनी, तुमचं दूध चांगलं हाय. त्या डब्याचं चुकलंय."

"ऱ्हाऊ द्या भावजी," त्या म्हणाल्या. "म्हशीला पेंडच कमी पडली आसंल. मी आता वाढवलीया."

"आवो पेंडीचा काय संबंध? डबा चुकीचा हाय!"

"एवढा मोठा कम्प्युटर कसा चुकंल? माजंच काय तरी कमी पडलं आसंल."

मी आणखी जोरात सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या, माझं मन राखायला. मला माणसं समोरून भांडली तर चालतात. पण आपलंच चुकलं असं मानून जे पेंड वाढवतात, त्यांच्यापुढं काय करायचं ते मला समजत नाही. घरी येऊन मी जेवलो नाही.

काही दिवसांनी सांजच्या वेळेला ती मुलगी स्कूटीवरून डेअरीत आली. मला निरोप आला, मी धोतर सावरत पोचलो. रांग लागलेलीच होती. तिनं डबा उघडला, काहीतरी घातलं, बंद केला. माझ्या हातात किटली नव्हती, तर म्हणाली घेऊन या. आमच्या मंडळीनं सांजेची धार नुकती काढली होती, फेस बसलेला नव्हता. सँपल लागलं. लाल आकडे सहा-सहा. पावती सहा-सहा.

मी पावती रांगेला दाखवली.  विहिरीच्या पाण्याचा टोमणा मारणारा चपलेकडं बघत होता.

"आता फळा," मी सेक्रेटरीला म्हणालो.

"आता आजपासनं बरोबर यील की आबा. म्हैना पालटला की नाव आपसूक जातंय."

"मागचं?"

त्यानं मुलीकडं बघितलं. मुलीनं खाली मान घातली. संघाकडं गेलेले आकडे कापूनच गेले होते. मूळचा आकडा डबा ठेवत नाही, शेपूट एकदा गेलं ते गेलं. मागच्या महिन्याचं सहा-पाच तसंच राहणार. संघाला पत्र लिहिते, असं ती म्हणाली. सेक्रेटरी लगेच उठला, "पत्र-बित्र नको बाई. आजून कुणाकुणाचं कापलंय म्हणून सगळं गाव माज्या दारात यील."

"मग येऊ दे की!" मी ओरडलो.

"तुमाला काय, तुमी बोलून जाताय. खुर्चीत मी हाय."

मी मुलीकडं वळलो. "त्या पावण्याचं काय आलं?"

तिनं पिशवीतून कागद काढला आणि मराठीत सांगायला लागली. पावण्यानं राम राम घेतला होता आणि उलट घातला होता. म्हशीलाही नमस्कार सांगितला होता. पुढं लिहिलं होतं की झालं त्याचं वाईट वाटलं. पण ही चूक नाही. सहा-सहा कम्प्युटरमधे पुरतं बसतच नाही, कुठल्याच. लायब्ररी आपल्याजवळ आहे ते शेवटच्या आकड्यापर्यंत लिहिते, काही लपवत नाही. वाचणाऱ्यानं ते जवळच्या आकड्याला नेऊन लावावं. तरीही आपल्याला वेगळं हवं असेल तर सगळं उघडं आहे, आपण बदलून घ्यावं. ही तक्रार मी बंद करतो आहे.

"बंद करतो? मला न विचारता?"

"तशी पद्धत असते काका."

"आन मीच बदलून घेऊ म्हणतो?"

"हो. कुणीही बदलू शकतं."

रांगेत कुणीतरी म्हणालं, "आबा, लागा कामाला. सी शिका." ह्या वेळेला हसले ते मोकळं हसले, वाईट नव्हतं त्यात. पण मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. मुलीनं स्कूटी काढली. जाताना म्हणाली, "काका, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला." एवढं एकच माणूस तसं म्हणालं. बाकी सगळे बरोबर होते. मशीन बरोबर, नियम बरोबर, पावणा बरोबर, संघ बरोबर. चुकीचं एकच होतं, ते फळ्यावर होतं, आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

घरी आलो आणि सगळा राग त्या पावण्यावर काढला. फुकट द्यायचं, हमी द्यायची नाही, आणि तक्रार आली तर दार लावून घ्यायचं, ही कसली रीत? आमची मंडळी लोण्याचा गोळा पाण्यात फिरवत होती.

"आपण गल्लीला ताक देतो," ती म्हणाली. "त्याची हमी देतो व्हय?"

"ताकाची गोष्ट येगळी."

"कशी येगळी? परवा आंबट झालतं. कुणी आलं भांडाय? न्यायचं त्यानं नेलं, साखर घालून पिलं."

"मग तू त्याच्याच बाजूची म्हण."

"मी कुणाच्या बाजूची न्हाय. त्या बिचाऱ्यानं ताक दिलं. त्यात पाणी त्यानं न्हाय घातलं. आन तुमी हितल्या माणसाला सोडून तितल्या माणसाला शिव्या देताय. त्यो काय फळा पुसाय येणार हाय?"

मी म्हणालो, बायकांना ह्यातलं कळत नाही. ती म्हणाली, कळत नसेल, पण उद्यापासून ती लोणी काढणार नाही, दूध डेअरीत जाईल नाहीतर म्हशीच्या तोंडात परत जाईल, तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढली, किटली भरली आणि वहिनींच्या दारात थांबलो. "चला," म्हणालो, "आज किटली तुमच्या हातानं न्यायची." त्या नको-नको म्हणाल्या. मी तिथून हललो नाही, तेव्हा पदर घेऊन निघाल्या. डेअरीसमोर रांग भरलेली होती. मी रांगेत लागलो नाही. सरळ फळ्यापुढं गेलो, किटली खाली ठेवली, खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचं टोक किटलीतल्या दुधात बुडवलं आणि आधी वहिनींचं नाव पुसलं. मग वरच्या आळीतल्याचं. मग माझं. मग मथळाही पुसला. दूध भिंतीवरून ओघळलं. रांगेतल्यांपैकी एकानंही मला अडवलं नाही.

सेक्रेटरी खिडकीतून अर्धा बाहेर आला. "आबा, ह्ये काय केलंसा? दुधाच्या सायीनं त्या फळ्यावर आता खडू उठणार न्हाय!"

"आतलं काय चुकलं ते मला बदलता येत न्हाय," मी म्हणालो. "ह्ये येतंय."

मग टॉवेल पिळला, खांद्यावर टाकला, वहिनींना पुढं केलं आणि त्यांच्या मागं रांगेत उभा राहिलो.